वाढवलेला अर्धा तास

दादा,

दौऱ्यावरून आलास की बाबांची खोली रिकामी दिसेल, घाबरू नकोस. कालच्याच सिनेमाला आम्ही पुन्हा गेलोय. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, आम्ही आलो की एकत्रच जेवू.

तुझंच खरं निघालं. जुन्या सिनेमात अर्धा तास वाढवून तो परत थिएटरात लावायचा, म्हणजे दुधात पाणीच. पहिला नवा प्रसंग सुरू झाला आणि बाबा ताडकन उभे राहिले. "हे नव्हतं! इथे ती थेट स्टेशनवर जाते!" सगळं थिएटर वळून बघायला लागलं. मागून कुणीतरी "आजोबा, बसा" म्हणालं, तर त्याच्याशीही भांडले. लाजेनं मान खाली घालायची सोडून मी वेड्यासारखी हसत होते. आई गेल्यापासून हो-नाहीच्या पुढे त्यांच्या तोंडून शब्द निघाला नव्हता रे.

घरी येईपर्यंत तोंडाचा पट्टा चालू. आज न सांगता दाढी केली आणि म्हणाले, "चल, अजून कुठे कुठे वाट लावलीय ते नीट बघून येऊ."

जेवताना तू त्या नव्या प्रसंगांची बाजू घे. पटत नसली तरी घे. आणि लवकर हार मानू नकोस.

चिमी