फोटोपुरता एक वर्ग

सोमवार, ६ फेब्रुवारी १९७८

माझा ल्योक बसवराज हितल्या शाळेचा हेडमास्तर. आज सांगत होता, पुण्याची कोण प्रभाबाई मंद्रूपला येऊन राहिलीय. शाळा-शाळा फिरते. हरिजनांची पोरं कुटं वेगळी बसवतात त्याचे फोटो काढते, रिपोर्ट करते. गुरुवारी हितं येणार. फोटो सोलापुरात साहेबाच्या टेबलावर गेला तर नोकरी गेली, म्हणाला. म्हटलं, आपल्याकडं तसलं काय हाय? हरिजनवाड्याची पोरं पडवीत बसतात, ते तितं वारं लागतं म्हणून.
भ्याले न्हाय. भाकरी तेवढी उतरली न्हाय.

मंगळवार

ठरवलं. फोटोपुरती सगळी पोरं आत, एका सतरंजीवर. शेजारची चंद्रव्वा भांडायला आली, आमचा शिवपुत्र त्यांच्याजवळ बसणार न्हाय म्हणून. म्हटलं, एक दिस बसू दे, संध्याकाळी अंघोळ घाल त्याला, एरवी तरी कधी घालतीस? पाय आपटत गेली.
यस्टीचा आवाज आला की दारात जाऊन बघतेय. वारं घ्यायला.

बुधवार

तालीम घेतली. पडवीतल्या दुर्गाला म्हटलं, आत ये. ती म्हणाली, आज्जी, आत म्हंजे कुठवर? पार फळ्यापर्यंत आणून बसवली. कुणाला लागू नये म्हणून परकर आवळून बसली. लई वळणाची पोर.
आता बाईच्या बापाला कळायचं न्हाय. आज झोप लागंल.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

लागली न्हाय.
बाई आली. काडीसारखी, गळ्यात क्यामेरा. वर्ग बघून खूश. फोटो काढले. बसवराजच्या तोंडावर रंग आला. बाईनं मला विचारलं, तुम्ही कोण. म्हटलं, शाळेला शिपाई न्हाय, पाण्याचं मी बघते. नाव सांगितलं, सासऱ्याच्या नावासकट. आमच्यात भेद न्हाय, तेबी सांगितलं.
तेवढ्यात दुर्गाला तहान लागली. तिनं ओंजळ धरली. मी तांब्या घेतला, हात वर गेला, वरनं धार सोडली. रोजच्यासारखी. थेंब सांडला न्हाय.
क्यामेरा खट् वाजला तवा कळलं.
बाईनं वहीत कायतरी लिहून घेतलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवार

सायकल गेली तरी पोलीस वाटतोय. दार लावून घेतलंय, धूळ येते म्हणून.
साहेबानं विचारायच्या आधी आपणच खुलासा द्यावा म्हणून बसवराज लिहायला बसलाय. म्हटलं, फोटोत नुसता हात असंल, तोंड न्हाय. तो म्हणाला, नाव हाय की तिच्याकडं. मग म्हटलं, असं लिही, म्हातारीच्या खांद्यात वात हाय, हात खाली येत न्हाय.
त्यानं पेन ठेवलं. म्हणाला, अव्वा, शिवपुत्राच्या हातात पेला देतीस तवा वात कुटं जातो?
म्हटलं, थांब, सांगते.
दिवेलागण झाली. तो थांबलाय अजून.