शांततेच्या कागदावर माझी सही

मंगळ., ९ जाने. ७९

टाळेबंदीचा विसावा दिवस. ऑफिसच्या लोकांना यावंच लागतं, मागच्या दाराने आत सोडतात. पुढच्या गेटवर कामगार गोणपाटं टाकून बसलेले. आज एकजण ओरडला, "ओ टायपिस्टबाई, साहेब आमची आठवण काढतात का न्हाई? वीस दिवसांत एक उचकी लागली न्हाई राव!" सगळे हसले. मलाही हसू आलं. मग हसू आल्याचं वाईट वाटलं.

प्रधानसाहेबांनी एक कागद मराठी करायला दिला. ते पर्सोनेल ऑफिसर, मी त्यांची टायपिस्ट आणि गरजेपुरती भाषांतरकार. कागद म्हणजे हमीपत्र. रविवारी संक्रांतीला गेट उघडणार, सही करील तो आत. दोन परिच्छेद. पहिला साधा: मी शांतपणे कामावर हजर होत आहे. दुसऱ्यात खरी मेख. मी 'इंडस्ट्रियल पीस' राखीन. म्हणजे गेटपाशी चारचौघांत बोलणार नाही, तक्रार घेऊन घोळका करणार नाही, कुणाला काम थांबवा म्हणणार नाही. मोडल्यास नोकरी जाईल, ते मला मान्य.

संध्याकाळी नानांशी बोलले. पाटबंधाऱ्याच्या कॅम्पवर शाळा नव्हती, दहाव्या वर्षापर्यंत माझे वडील हीच माझी शाळा. अजूनही इंग्रजी शब्द अडला की पावलं त्यांच्याकडेच वळतात. त्यांनी पुठ्ठे गेलेला शब्दकोश काढला, भिंग धरलं. लढाईनंतर होतो तो तह. भावाभावांत होतो तो सलोखा. जिवाला लागते ती स्वस्थता. मेलेल्याला मिळते ती शांती. पोलिसांना हवी असते ती शांतता. आणि तोंड मिटून बसणं, इंग्रजीत तेही पीसच.

"यातलं तुमच्या कंपनीला कुठलं हवंय?"

"शेवटचं, नाना."

"मग तसंच लिही. तर्जुमा करणाऱ्यानं मालकाची लाज झाकू नये."

लिहिलं. 'मुकाट राहीन.'

बुध., १०

'मुकाट' वर लाल रेघ. साहेब म्हणाले, "आपण कविता करत नाही आहोत. 'औद्योगिक शांतता' लिहा. कायद्याचा शब्द आहे."

मी म्हटलं, कामगारांना कळणार नाही.

"कळायला कशाला हवं? पाळायला हवं."

एवढं बोलून चहा मागवला. मला पण विचारलं. मी नको म्हटलं, तेवढाच माझा निषेध. दिवसभर स्वतःचा राग.

त्यांच्या दाराबाहेर पाटी आहे, 'शांतता राखा'. दोन वर्षं रोज बघते. हॉस्पिटलातून आणली असावी असं वाटायचं.

शुक्र., १२

सगळी हमीपत्रं सायक्लोस्टाइल करून झाली. इंग्रजी मजकूर (मराठी फक्त माझ्याकडे, वाचून दाखवण्यापुरतं), खाली कामगाराची सही, त्याखाली एक ओळ: 'वरील मजकूर कामगारास मराठीत वाचून दाखवला व समजावून दिला.' तिथे माझी सही. साहेब म्हणाले, आजच करून ठेवा, रविवारी गर्दीत वेळ मिळणार नाही.

मी म्हटलं, अजून वाचून दाखवलं नाही.

"दाखवणार आहात ना? मग?"

इथली पद्धत अशीच आहे. हजेरीचे, पावतीचे, पगारपत्रकाचे, सगळे कागद आधी सह्या होऊन तयार असतात. टाइम ऑफिसचे शिंदेमामा म्हणाले, "बाई, येवडं काय मनाला लावून घेता? आमी तर पोरीच्या लग्नाच्या रजेवर आदी सही करून ठिवली, पोरगा मागनं शोदला!"

संध्याकाळपर्यंत सह्या केल्या. हात दुखला. घरी सांगितलं नाही. न वाचता सही करू नये म्हणून लहानपणी नानांनी पन्नास वेळा लिहून घेतलं होतं. हे तर वाचून केलं. त्याची काय शिक्षा?

रवि., १४, संक्रांत

लिहवत नाही पण लिहिलंच पाहिजे.

गेटपाशी टेबल. एका बाजूला हमीपत्रं, दुसऱ्या बाजूला ताटात तिळगूळ. साहेब स्वतः वाटत होते, "गोड बोला, गोड बोला." सही केली की वडी. कुणीतरी मागून म्हणालं, "आधी तोंड शिवा, मंग गोड घाला. वा रे हलवाई!"

माझ्या हातात लाउडस्पीकरचा माइक. पहिला परिच्छेद वाचला. दुसरा सुरू करणार तोच साहेबांनी माइकवर हात ठेवला. "पुरे. लाइन मोठी आहे. बाकीचं आत गेल्यावर." मी थांबले.

लाइनीत गंगाधर आला. पत्रे दाबायच्या प्रेस शॉपचा, मूळचा लातूरकडचा, आता काळेवाडीत. त्याच्या रेशनकार्डाचे अर्ज मी लिहून दिले होते, तेव्हापासून मला ताई म्हणतो. अक्षरावर बोट ठेवून म्हणाला, "ताई, तुम्ही वाचलं ते एवढुसं. खाली लई लिहिलंय की. त्यात काय हाय?"

साहेब बघत होते.

मी म्हणाले, "तेच पुढे. शांततेचंच आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली, सही केली. तिळगूळ घेतला आणि मलाच दिला. "घ्या ताई."

तो मी खाल्ला. थुंकायला हवा होता.

गुरु., १८, सुट्टी

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी, त्यामुळे इतरांच्या रविवारशी कधी जमत नाही. आज नानांना सगळं सांगितलं. नानांनी भिंग पुसलं. शब्दकोश जागेवर ठेवला. आई म्हणाली, "तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस. मनःशांतीसाठी रोज एक अध्याय वाचत जा."

मनःशांती! ज्याला बघावं तो मला कुठली ना कुठली शांती देऊ करतो आहे. मी ती मागितली का? मला दुसऱ्या परिच्छेदापुरती पाच मिनिटं हवी होती.

साहेबांनी 'आत गेल्यावर' ते वाचलेलं नाही. मी दोनदा आठवण केली.

बुध., २४

काल प्रेस शॉपमध्ये एका माणसाच्या दोन बोटांची पेरं गेली. त्या प्रेसला गार्ड, म्हणजे हात अडवणारी जाळी, नाही. दिवाळीपासून मागताहेत, अर्ज मीच टाइप केला होता. जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेरच्या नळावर गंगाधर म्हणाला, गार्ड बसवल्याशिवाय त्या मशिनीवर कुणी उभं राहू नका. सातआठजण होते.

आज सकाळी चार्जशीट टाइप केली. 'औद्योगिक शांततेचा भंग. गेटपाशी घोळका. काम थांबवण्यास चिथावणी.' दुसऱ्या परिच्छेदातला शब्द न् शब्द. पुरावा म्हणून हमीपत्र जोडलं. त्यावर त्याची सही, खाली माझी.

बोटं कुणाची गेली, ते चार्जशीटमध्ये कुठे नाही. रक्ताने शांतता भंगत नाही. बोलण्याने भंगते.

गंगाधर सस्पेंड.

शुक्र., २६

झेंडावंदन. डायरेक्टरसाहेब पुण्याहून आले. भाषण इंग्रजीत. एका भाषणात चार वेळा पीस: देशाचं, जगाचं, कारखान्याचं, आणि अखेरीस आपल्या सर्वांच्या मनाचं. माझ्यामागून हलक्या आवाजात, "काय म्हणतोय गं?" विचारणारी कॅन्टीनची बाई. मी म्हटलं, "गप्प बसा म्हणतायत." ती घाबरून गप्प बसली. बिचारीला वाटलं तिलाच म्हणाले. मग मी तिला जाऊन सांगितलं, साहेब सगळ्यांनाच म्हणतायत.

मंगळ., ३०

गांधीजींची पुण्यतिथी. अकराचा भोंगा. दोन मिनिटं स्तब्धता. मशिनं बंद झाली, तेव्हा कळलं आपण रोज केवढ्या आवाजात असतो. खिडकीतून पाहिलं, गंगाधर गेटबाहेर. रोज येतो, आत सोडत नाहीत, तरी पहिल्या शिफ्टच्या वेळेला येऊन उभा राहतो. त्याला टाळायला मी अजून मागच्याच दाराने येते. टोपी हातात घेऊन ताठ उभा होता. वॉचमन बिडी लपवत होता. साहेब आत फोनवर, आवाज बाहेर येत होता.

दुसरा भोंगा झाल्यावर त्याने टोपी घातली आणि पुन्हा दगडावर बसला. हाच तो शांतता मोडणारा.

सोम., ५ फेब्रु.

पुढल्या मंगळवारी गंगाधरची चौकशी. साक्षीदार मी. कंपनीकडून.

साहेब समजावत होते. "काही अवघड नाही. सही तुमची आहे का, विचारतील. हो म्हणायचं. वाचून दाखवलं का, विचारतील. हो म्हणायचं."

"दुसरा परिच्छेद वाचला नव्हता, सर. तुम्हीच माइक..."

"दॅट इज अ डीटेल." मग हसून, "बाकी काही सुचलं तर होल्ड युवर पीस. तुमच्या वडिलांनी शिकवलंय ना चांगलं इंग्रजी?" म्हणजे तोंड मिटा. शब्दकोशातलं शेवटचं पीस.

टेबलावर माझं नोकरीत कायम केल्याचं पत्र होतं. मीच टाइप केलेलं. त्यांनी ते जरा सरकवून माझ्या बाजूला ठेवलं, सही न करता, आणि पेनचं टोपण लावलं. धमकी नाही, काही नाही. नुसतं टोपण.

घर माझ्यावर आहे. नानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं आहे. हेही खरंच.

गुरु., ८

दुपारी गंगाधर आणि त्याची बायको आले. सुमन नाव. ती दारातच उभी. आई म्हणाली, बसा. "बसायला न्हाई आलो मावशी."

गंगाधर म्हणाला, "ताई, मी कुणाला सांगायलो न्हाई तुम्ही काय बोलला ते. तुमची बी नोकरी हाय. तुम्हाला जे जमंल ते बोला."

सुमन भडकली. "हे असंच! अवो, मी सांगते ताई. आमचे मालक इंग्रजी कागदावर सही करणारे न्हाईत. तुमच्या तोंडाकडं बघून केली. शाळेत कोण गेलं होतं, हे का तुम्ही?"

"सुमे, गप."

"का गप? जो उठतो तो मलाच गप म्हणायलाय!"

मी खरं तर रडले असते. रडले नाही, कारण रडलं की तेच माझी समजूत काढत बसले असते. म्हणाले, "चूक माझी आहे, गंगाधरभाऊ. मला माहीत होतं खाली काय लिहिलंय." तो जमिनीकडे बघत राहिला. आतापर्यंत त्याला वाटत होतं, मलाही नीट कळलं नव्हतं. तेवढं सुख त्याच्याकडून मी काढून घेतलं.

ते गेल्यावर नाना म्हणाले, "आता तू स्वस्थ राहा. सही ओळख आणि मोकळी हो. एका शब्दासाठी घर पणाला लावू नये."

हे नाना! एका चुकीच्या शब्दासाठी पाटी पुसून पुन्हा लिहायला लावणारे नाना! मी म्हणाले, "तुम्हीच म्हणालात, मालकाची लाज झाकू नये." तर म्हणाले, "तेव्हा नोकरी पणाला नव्हती."

आवाज चढवला मी. आयुष्यात पहिल्यांदा. आई म्हणाली, शेजारी ऐकतील, घरात शांतता हवी. म्हटलं, हवी ना, मग मला ती खोटं बोलून आणावी लागणार, हे मान्य करा.

नाना जेवले नाहीत. मीही. कुणाचंच काही बरोबर नाही असं वाटतं, माझ्यासकट.

मंगळ., १३

चौकशी झाली. म्हणजे अर्धी.

चौकशी अधिकारी बाहेरून आणलेले वकील. एरवी अशा वेळी टिपण मीच घेते. मी साक्षीला, म्हणून कागद-दौत शिंदेमामांकडे. गंगाधर भिंतीशी, इस्त्रीचा शर्ट. कुणाचा तरी मागून आणलेला, मनगटाच्या वर चढत होता.

सही तुमची? हो.

मजकूर वाचून समजावून दिला? 

रात्रभर घोकलेलं सगळं विसरले. एवढंच आलं, "पहिला परिच्छेद वाचला. दुसरा वाचला नाही. ही सही दोन दिवस आधी केलेली आहे. गंगाधरभाऊंनी खाली काय आहे ते विचारलं, मी त्यांना खोटं सांगितलं."

साहेब उठून उभे राहिले. अधिकारी म्हणाले, "बाई, हो की नाही, एवढंच."

"मग नाही."

साहेब पुन्हा खाली बसले. पंखा चालू होता. अधिकारी सांगू लागले, "लिहा. साक्षीदाराने आपली सही ओळखली. पुढचे उत्तर संदिग्ध." मग कागद माझ्यापुढे आला. सही करा.

मी म्हणाले, आधी सगळ्यांसमोर वाचून दाखवा. माझा आवाज इतका बारीक आला की पुन्हा म्हणावं लागलं. साहेब म्हणाले, वेळ नाही. मी पेन खाली ठेवलं. गंगाधर पहिल्यांदाच बोलला, "वाचा की सायेब. आम्ही थांबतो. आम्हाला कुठं जायचंय."

अधिकाऱ्यांनी कागद ओढून घेतला, वाचू लागले आणि मधेच थांबले. शिंदेमामांकडे बघितलं.

"हे काय लिहिलंय?"

"बाई बोलल्या ते."

"मी सांगितलं ते लिहायचं. खोडा ते. रबर आहे?"

शिंदेमामा चष्मा पुसत म्हणाले, "शाईनं लिवलंय साहेब. रबरानं न्हाई जायाचं."

तहकूब. पुढची तारीख पंधरा दिवसांनी. कागद अधिकाऱ्यांच्या बॅगेत गेला, माझ्या सहीविना. त्या कागदाचं काय होईल, माहीत नाही. गंगाधर वर चढलेल्या बाह्या दुमडत निघून गेला.

निघताना साहेबांच्या टेबलावर पाहिलं. माझं पत्र तिथे नव्हतं. सही होऊन फायलीत गेलं की फाटून टोपलीत, ते कळायला मार्ग नाही. टोपलीत हात घालून बघावं असं एकदा मनात आलं. नाही घातला.

घरी आल्यावर नानांनी विचारलं, "काय बोललीस?" सांगितलं. ते चष्म्याच्या काड्या उघडमीट करत बसले. मग म्हणाले, "उद्या जाणार आहेस ना कामावर?"

म्हटलं, जाणार. पुढच्या दाराने.