नाक्यावर अडलेली नळी

९ नोव्हेंबर

"नाक्यावर माल अडला की आधी बैल सोडायचे, भांडण मागून." आजा म्हणायचा. बैलांच्या पाठीवर मीठ लादून नेणाऱ्या लदेणीतलं हे शहाणपण, त्याला त्याच्या बापाकडून मिळालेलं.

आज माझा माल अडलाय आणि सोडायला बैल नाहीत. फोन आहे. त्यात दुपारभर सनई वाजत होती. मधून मधून एक बाई सांगायची की माझा कॉल त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग पुन्हा सनई. कुणाचं लग्न होतं देव जाणे.

पार्सल परदेशातून आलं आणि मुंबईत पडून आहे. आत तंबाखू ओढायची एक जुनी लाकडी नळी. कुरिअरचा मेसेज: धूम्रपानाची वस्तू, कस्टम ड्यूटी भरा, क्लिअरन्स फी भरा, हाताळणीचे भरा, आणि सोडवेपर्यंत रोजचं स्टोरेज. सगळं मिळून नळीच्या किमतीच्या वर जातं. हाताळणी कसली? वीतभर वस्तू. फुलासारखी हलकी.

१० नोव्हें.

राग उतरत नाही. म्हणून लिहून काढते, पहिल्यापासून.

नळी याडीची, म्हणजे माझ्या आईची. तिला तिच्या सासूनं दिलेली, सासूला तिच्या सासूनं. शेतातून आली की याडी दारात बसून ती ओढायची, आणि तेवढा वेळ तिला कुणी हाक मारायची नाही, बानंसुद्धा नाही. मी दुसरीत होते तेव्हा दारव्ह्याच्या बाजारात जुनं भरतकाम नि चांदी घेणारा एक व्यापारी आला. बानं पेटीतले फेटिया, काचळ्या, याडीचे भरतकामाचे घागरे-चोळ्या, सगळं त्याला दिलं. त्यात नळीही गेली. याडी कापूस वेचायला गेलेली. संध्याकाळी आली, पेटी उघडली, बंद केली, भाकरी टाकायला बसली. बा जाऊन इतकी वर्षं झाली, पण या विषयावर तिच्या तोंडून शब्द नाही. नंतर तिनं दुसरी नळी घेतली नाही. बिडीही ओढली नाही.

दिवाळीत मी लेखासाठी जुन्या फेटियांची चित्रं शोधत होते. परदेशातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानाच्या पानावर ती दिसली. नळीला तडा गेलेला, त्यावर पितळी तार, आणि तार उलट्या बाजूनं गुंडाळलेली. बा डावखुरा होता. चुलीजवळ बसून त्यानं ती बांधली तेव्हा तारेचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. चित्र मोठं केलं. ओठांत धरायच्या टोकाला याडीच्या दाताचा खड्डा.

भाव केला नाही. घेतली.

घाईचं कारण एकच. याडीच्या डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलं ते गेलं, उरलेलं किती दिवस टिकेल सांगता येत नाही. तिला दिसतंय तोवर ती तिच्या हातात द्यायची आहे.

१२ नोव्हें.

फॉर्म आला. वस्तू कशासाठी मागवली? खाली मोकळी जागा होती. मी लिहिलं: ही आमच्याच घरची जुनी वस्तू आहे, माझ्या आईची. परत आणत आहे.

लिहून बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा चहा चवीनं प्यायले.

१५ नोव्हें.

उत्तर: परत आणत असाल तर देशाबाहेर गेल्याचे कागद जोडा. जुनी असेल तर किती जुनी, त्याचा दाखला जोडा. शंभर वर्षांवरची असेल तर ती बाहेर कोणी नेली, कोणत्या परवानगीनं, ते कळवा.

तीनदा वाचलं. अंगाचा तिळपापड झाला.

नेली एका माणसानं, खांद्यावरच्या पिशवीत घालून, भर बाजारातून. तेव्हा कुठला नाका होता? कोणत्या साहेबानं त्याची पिशवी उघडली? जाताना अख्ख्या देशात कुणी हूं की चूं केलं नाही. येताना सगळे जागे. आणि विचारतात कुणाला? जिच्या घरातून गेली तिला!

फोन लावला. आज माणूस मिळाला. आवाज तरुण, दमलेला.

"मॅडम, आपने ऐसा लिखा ही क्यूँ? डेकोरेशन पीस लिख देते."

"खरं आहे म्हणून लिहिलं."

"सच तो ठीक है मॅडम, पर सिस्टम में उसका कॉलम नहीं है."

१६ नोव्हें., तांड्यावर

याडीला सांगायचं नव्हतं. आल्यावरच दाखवायची होती. पण भियासमोर तोंडून निघून गेलं. भिया माझा धाकटा भाऊ, घरची शेती तोच बघतो. कपाशीत होता, बोंडं वेचता वेचताच म्हणाला, "बाई, तू कायले एवढं रामायण लिहीत बसली? पाईप लिहाचं, पैसे भराचे, मोकळं व्हाचं. मास्तरीण झाली तं नाक्यावर निबंध लिहून राह्यली!"

याडी मागं उभी होती, ओटीत कापूस. मला वाटलं आता रडेल. ती हसायला लागली.

"आवो छोरी, तुह्या आज्याचा बाप मीठ घेऊन जाये. नाक्यावाल्यानं पुसलं तं म्हणे, चारा हाय. गोणीच्या तोंडाशी कडबा कोंबून ठेवे. आन तू एवढी शिकली सवरली, अन् नाक्यावर खरं बोलली?" हसता हसता ठसका लागला तिला. भिया पण हसत होता. मी एकटीच धुमसत उभी.

मग हसू ओसरलं. ओटीतला कापूस उगीच चिवडत राहिली.

"तार हाय का अजून?"

"आहे."

"उलटी?"

"उलटीच."

 बांधाकडं बघत होती, तिला बांध दिसतो की नुसता उजेड, कोण जाणे.

"आण मंग. खोटं बोल, पन आण."

१७ नोव्हें.

बोलले खोटं.

नवा फॉर्म भरला. सजावटीची वस्तू, वापरलेली, वैयक्तिक. "या वस्तूशी माझा पूर्वी कोणताही संबंध नव्हता" याच्या आधी एक चौकोन होता. त्यात खूण केली. सगळे पैसे भरले, स्टोरेजसकट.

कस्टमचा राग आहे, कुरिअरचा आहे. पण आज सगळ्यात जास्त त्या चौकोनाचा. एवढासा. त्यात माझी याडी, तिची सासू, तिची सासू, सगळ्या बसल्या आणि मी वर काट मारली. याडीच्या आजेसासऱ्याला मिठाला चारा म्हणताना असं झालं नसेल. मीठ काही त्याची आई नव्हतं.

जेवण गेलं नाही.

२१ नोव्हें.

मेसेज: आपली दोन निवेदनं परस्परविरोधी आहेत. पार्सल अधिकाऱ्यांकडे निर्णयासाठी पाठवलं आहे. निर्णय होईपर्यंत स्टोरेज चालू राहील. निर्णय विरोधात गेल्यास वस्तू मूळ ठिकाणी परत किंवा नष्ट.

नष्ट.

पुन्हा तोच तरुण. "मॅडम, दोनों में से सच कौनसा है?"

"पहिलं."

"तो कागज़?"

मी ओरडले. काय काय बोलले आठवत नाही. शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. म्हटलं, तुमच्या सिस्टमला आई आहे का?  मग तो हळूच म्हणाला, "मेरी तो है, मॅडम." मी फोन ठेवला. त्याची दया आली, आणि दया आली याचाही राग आला. रागवायला नेमकं समोर कुणी नसतं. जे असतं ते बिचारं पगारी असतं.

२३ नोव्हें.

याडीचा फोन, भियाच्या मोबाइलवरून.

"आली का?"

"वाटेत आहे."

दुसरं खोटं. हे सोपं गेलं.

मागून भिया: "बाई, इनं माह्याकून पितळी तार आणवली दिग्रसवरून. जुनी सैल झाली असंल म्हणते. सकाळपासून पायाच्या अंगठ्याले गुंडाळून पाहून राह्यली."

मग घराबाहेर येऊन हळू आवाजात म्हणाला, "काल मी दारात उभा होतो. मले म्हणे, कोण आलं रे?"

२४ नोव्हें.

शाळेला सुट्टी टाकली. वकिलाला विचारलं, तो म्हणाला, "एवढ्याशा वस्तूसाठी? सोडा हो मॅडम." ओळखीच्या एका निवृत्त कस्टम साहेबांना विचारलं. ते म्हणाले, अर्ज करू शकता, पण अशी तरतूद नाही, उत्तर नाहीच येणार.

मलाही माहीत आहे नाही येणार. तरी लिहिला. रागाचा पहिला कागद फाडला, दुसरा फाडला. तिसऱ्यात राग दाबून ठेवला, पण तो अक्षरात दिसतोय, कागद मागून उमटलाय. निर्णय देणाऱ्या साहेबांचं नाव माहीत नाही, म्हणून नुसतं मा. महोदय. पाठवण्याआधी इथं उतरवून ठेवते:

दोन्ही निवेदनं माझीच आहेत. पहिलं खरं आहे, दुसरं वस्तू सुटावी म्हणून केलं. कागद माझ्याकडे नाहीत आणि होणार नाहीत. भरलेले पैसे परत मागत नाही. दंड लावाल तो भरीन. वस्तू परत पाठवा किंवा नष्ट करा, तुमच्या नियमात बसेल ते करा. फक्त त्याआधी एकदा माझ्या आईला ती तुमच्या टेबलावर, तुमच्या देखत, हातात घेऊ द्या. तिला अजून थोडं दिसतं. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातून येऊ, सांगाल त्या दिवशी, सांगाल तितका वेळ बाहेर बसू. तंबाखू, काडीपेटी काही आणणार नाही. बाहेरच झडती घ्या. पण तिनं ती रिकामीच ओठांना लावली, तर तेवढं अडवू नका.