संदर्भसूचीतले मामा

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची कंबरदुखी आणि मामींचा राग, दोन्ही आता उतरली असतील. मी ठीक आहे, म्हणजे जेवते आणि झोपते. बाकी सांगण्यासारखं काही नाही, म्हणून सविस्तर सांगते.

राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला एक मोठा निबंध लिहावा लागतो. माझा विषय होता, नगरपालिकेत तक्रारअर्जांचं पुढे काय होतं. सोबत कॉलेजने लेखन कसं करावं, संदर्भ कसे द्यावेत याची पुस्तिका दिली. पहिलाच नियम: स्रोताशिवाय एकही विधान करू नये. मला तो इतका पटला की मी भिंतीवर चिकटवला. (घरातली पहिली पदवी, ती तरी खरेपणाने मिळावी.) आता नगराध्यक्षांविरुद्धचे अर्ज डुगडुगत्या कपाटाच्या पायाखाली जातात, हे कुठल्या ग्रंथात सापडणार? म्हणून प्रामाणिकपणे तळटीप दिली: 'मामा, शिपाई, आवक टपाल, रविवारी जेवताना.' अशा चौदा. प्रकाशनवर्षाच्या जागी तुमचं जन्मवर्ष घातलं आणि पान क्रमांकाच्या जागी 'हात धुण्याआधी'.

मॅडमनी भर वर्गात विचारलं, "अगं, हे मामा ग्रंथ आहेत की माणूस?" मी उभी राहून म्हणाले, "माणूस आहेत, पण विश्वासार्ह." वर्ग पोट धरून हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तोंडी माहिती चालते. पूर्ण नाव आणि सही आण." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुमच्या नोकरीचे अकरा महिने उरलेत आणि त्याबद्दल पुस्तिकेत एकही नियम नाही.

तुमची,
भाची

ता. क. संमतीपत्र सोबत आहे. तीन सह्या हव्यात. शुक्रवारपर्यंत आलं नाही तर मी नापास.

ता. क. सही करू नका. चौदाही विधानं, त्यांच्यावर उभ्या पानांसकट, मी आत्ताच खोडली. निबंध साडेतीन पानं उरलाय, त्यातली दोन प्रस्तावनेची. पास होण्याची आशा नाही. आईला मीच सांगेन.

ता. क. सत्ताविसावा नियम असा, की ज्या कार्यालयाचा अभ्यास केला त्याला एक प्रत पाठवावी. ती मी काल टपालात टाकली, तळटिपांसकट. (काल मला नियम फार आवडत होते.) हे पत्र बसच्या कंडक्टरकाकांच्या हाती देते आहे, म्हणजे आधी पोचेल. पाकीट तपकिरी आहे, अक्षर माझं. टपाल तुम्हीच उघडता. मामा, चाळीस पानं आहेत. कपाट पुन्हा डुगडुगणार नाही.