करू दिलं की करायला लावलं

सोमवार, ४ मार्च
आज दवाखान्यात माझी शोभा झाली. डॉक्टरीणबाईंनी एका परदेशी म्हाताऱ्याचा दात काढला. मी त्याच्या हनुवटीखाली भांडं धरून इंग्रजी फाडलं — 'आय विल मेक यू स्पिट.' मला म्हणायचं होतं, थुंका हवं तेवढं. तो खुर्चीतच आक्रसला. डॉक्टरीणबाई मास्कआड हसत होत्या. खांदे हलले की कळतं. "अगं, जबरदस्तीनं थुंकायला लावणार होतीस त्याला! तुझ्या इंग्रजीच्या क्लासच्या बाईंना विचार."

मंगळवार, ५ मार्च
विचारलं. करू दिलं तर 'लेट', करायला लावलं तर 'मेक'. एवढंच. आता घरच्या माणसांवर वाक्यं लिहून न्यायची. ह्यांना सांगितलं, तर मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाले, "लेट म्हणजे उशीर ना? जेवायला झालाच आहे."

गुरुवार, ७ मार्च
पहिलं वाक्य — माय हजबंड लेट्स मी गो टू क्लास. बाईंनी बरोबरची खूण केली. खूण बघून डोक्यात तिडीक गेली. जाऊ देतो म्हणे. मी काय गाय आहे, दावं सोडायला?
घरी ह्यांना विचारलं, "तुम्ही मला जाऊ देता का हो?"
"मी कुठे अडवलंय?" — चेहरा असा भोळा, की लाटणं शोधावंसं वाटलं.

शुक्रवार, ८ मार्च
'मेक'ची वाक्यं भराभर सुचली. सगळ्यांत कर्ता एकच, सासूबाई. धुतलेली भांडी परत धुवायला लावली. घातलेला ड्रेस बदलायला लावला. सगळं भूतकाळात. बाथरूममध्ये पाय घसरून पडल्यापासून त्या कुणाला काही करायला लावत नाहीत.

रविवार, १० मार्च
सासूबाईंना वाक्यं वाचून दाखवली, अर्थासकट. खोडसाळपणाच, दुसरं काय. वाटलं, आता तोंड सुटेल. त्या शांतपणे म्हणाल्या, "खरंय सगळं. आता माझंही एक लिही. सून मला गॅसपाशी जाऊ देत नाही."
"आई, तुम्ही पडलात म्हणून. काळजीपोटी."
"हो गं. मीपण काळजीपोटीच लावायचे."
मग वहीकडे बोट करून, "ह्याला तुझं लेट येईल की मेक?"
"लेट," म्हटलं. लिहिलं मात्र नाही.

सोमवार, ११ मार्च
सकाळी सासूबाईंना चहा करू दिला.
नाही. सासूबाईंनी चहा केला.