रिलीव्हर आला का?

३ सप्टेंबर
एकदाची चाकणची नोकरी लागली. नांदेडहून आल्यापासून बायकोचे, विजयश्रीचे टोमणे ऐकून कान किटले होते, आता बाईसाहेबांची बोलती बंद. मोशीत दोन खोल्या घेतल्यात. मला कायमची पहिली शिफ्ट, म्हणून निशूला शाळेतून आणायचं काम माझ्याकडे. पोरगी भलतीच खूश आहे.

कंपनी गिअर तापवून टणक करते. भट्टीवरचा संगणक जुनाट, लिनक्सवर चालणारा. भट्टी बिघडली की तो डायल-अप मॉडेमवरून साहेबांच्या घरी फोन लावायचा. आता त्याला मॉडेम सापडतच नाही, आणि भट्टीला इंटरनेट जोडायला मालक तयार नाहीत. मॅनेजर दिग्विजय साहेब म्हणाले, आधीचा नदीम हेच काम अर्धवट टाकून पळाला. त्याचा डबा अजून फळीवर आहे. असले कामचुकार मी पुष्कळ पाहिलेत.

५ सप्टेंबर
केबल बदलली, पोर्ट तपासला. सुरू होताना संगणक सापडलेल्या उपकरणांची नावं दाखवतो, त्यात मॉडेम नाही. दुसऱ्या संगणकाला लावला, तिथेही नाही. दिवा मात्र लागतो.

भट्टीवरचे दत्तोबा मोशीचे, जुने गाववाले. म्हणाले, त्या मॉडेमवर मानूस बसलंय. रिलीव्हर, म्हंजी पुढच्या पाळीचा मानूस, आल्याबिगर मशीन सोडायची न्हाई, त्यालाबी तोच कायदा हाय. त्यानं काय इचारलं तर हो म्हनू नका. मी म्हणालो, दत्तोबा, भट्टीची धग डोक्यात गेली तुमच्या. सगळे खो खो हसले. म्हाताऱ्याचं तोंड एवढंसं झालं. मजा आली.

९ सप्टेंबर
पोर्टचा वेग अगदी कमी करून मॉडेमला 'एटी' पाठवलं. मॉडेम जिवंत असला की 'ओके' म्हणतो. उत्तर आलं, रिलीव्हर आला का?

नदीमने जाता जाता करून ठेवलेली खोडी, दुसरं काय. दत्तोबांना मुद्दाम बोलावून त्यांच्यासमोर टाइप केलं, हो, आलो. जा घरी.

दत्तोबा मागे सरकले. मग मला खांद्याने ढकलून कुणीतरी गेलं. फळीवर डबा नाही.

९ सप्टेंबर, शिफ्ट सुटल्यावर
गेटवरचं मशीन अंगठा घेईना. वॉचमनला हाक मारली, शिवी दिली. तो माझ्या आरपार बघत तंबाखू मळत होता. गेटबाहेर पाऊल टाकलं आणि परत इथेच, मॉडेमसमोरच्या खुर्चीत. पुन्हा गेलो. पुन्हा खुर्चीत. निशू शाळेच्या गेटशी उभी असेल.

१२ सप्टेंबर
नदीम त्याची बाईक न्यायला आला. वाळून काटकी झालाय. रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाला, माफ कर भावा, मलाही पोरगी आहे. मी त्याचा गळा धरला. मूठ हवेतच मिटली.

मॉडेमवरून घरी फोन लावला. विजयश्रीने उचलला. मी हाका मारल्या, तिला नुसती मॉडेमची किंचाळी ऐकू गेली असणार. मागे निशू विचारत होती, बाबा आहे का. विजयश्रीने ठेवून दिला.

२० सप्टेंबर
साहेब सगळ्यांना सांगतात, ज्ञानेशही पळाला. आज त्यांनी स्वतः एटी पाठवलं. मी लिहिलं, वाचवा. पडदा कोरा. मी लिहिलं, रिलीव्हर आला का. तेवढंच उमटलं. साहेब हो लिहिणार इतक्यात— दत्तोबांनी प्लगच उपटला. भट्टीत घालायला हवं म्हाताऱ्याला.

४ ऑक्टोबर
भूक नाही. झोप नाही. दत्तोबा रजेवर गेलेत. उद्या नवीन माणूस येतोय म्हणे. कुणाचाही बाप असो, कुणाचाही मुलगा— मला काय त्याचं.

५ ऑक्टोबर
विजयश्री आली.

संगणकाचा कोर्स आम्ही बरोबरच केला होता. साहेबांनी उपकार केल्यासारखी तिला माझी जागा दिली. म्हणाले, ज्ञानेशची रिलीव्हर समजा स्वतःला. ती मान हलवून खुर्चीत बसली. माझ्याच खुर्चीत—

एटी आलं.

गप्प बसलो तर ती वाचते. नुसतं गप्प बसायचं—

पुन्हा एटी. चिकट आहे ती. सोडणार नाही.

पुन्हा.

निशूला बाबाच लागतो. आईपेक्षा बाबा— तीच म्हणते नेहमी— खरंच म्हणते—

विचारलं मी.

वाचून हसली. मी गेल्यापासून पहिल्यांदा हसली असेल. बोट की-बोर्डवर—

निशू, आज शाळेत घ्यायला बाबा ये—