डोळ्यांची आखणी

११ जुलै, हमरापूर
पुन्हा वाकडा! काल संध्याकाळी आखलेला गणपतीचा डावा डोळा आज सकाळी बघते तर कानाकडे उतरलेला. आई माझ्याआधीच उठून कारखान्यात उभी होती. "हात हलला का गो रंभा?"

हात नाही हलला. काल मला तो सरळ दिसत होता, तेच तर भयंकर आहे! संध्याकाळी दमले की डोळे फसवतात की काय?

आमच्याकडे रंग कोणीही मारतं. डोळ्यांची आखणी मात्र फक्त आईची आणि माझी, मी शाळेत होते तेव्हापासून.

१२ जुलै
धीर करून लिहितेच. अंतराळातल्या पहिल्या उड्डाणाहून परतले तेव्हा जवळचं धूसर दिसायचं. वर वजन नसतं, रक्त डोक्याकडे चढतं, डोळा मागून चेपला जातो. त्यानंतरचं माझं सगळं संशोधन त्यावरच. पुढे निवळलं — निदान मी तसं धरून चालले. आताचं कुणालाच सांगितलेलं नाही. एकोणीसला बंगळुरूला डोळ्यांची तपासणी. नापास झाले तर दुसरं उड्डाण गेलं. या वयात पुन्हा कोण विचारतो!

१४ जुलै
रोह्याच्या कॉलेजात शिकवायला गेले. गाडीतून कासू स्टेशनची पाटी मुद्दाम वाचली. लांबचं चोख दिसतं. दगा जवळचंच देतं.

वर्गात अष्टमी गावची कमळी उठली. "मॅडम, डोळे बिघडलेत हे अंतराळवीरानं लपवलं तर?" मी ठणकावून सांगितलं, "बरोबरच्यांचा जीव धोक्यात." पोरांनी लिहून घेतलं.  लोका सांगे ब्रह्मज्ञान!

१५ जुलै
आज दोन्ही डोळे वाकडे.

१६ जुलै
सकाळी कुंचला ओला होता. रात्री मीच धुतला असणार. आता विसरायलाही लागले!

आईनं ते डोळे पुसले, एका दमात नीट आखले. माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाय गेलीस तं नाय चालाचा?" मी उसळले — "तुला काय कळतं त्यातलं!" ती पुढच्या मूर्तीकडे वळली. मागच्या वेळी मी वर होते तेव्हा ती धड जेवली नव्हती, असं कारखान्यातला जगनदादा सांगतो. मी तेव्हा हसण्यावारी नेलं होतं.

१८ जुलै, बंगळुरू
ठरवलं. उद्या तपासणीआधी डॉक्टरांना सगळं आपणहून सांगायचं. कमळीला तोंड दाखवायचं आहे. पण जेवण जात नाही. मुलाखतींतली ती धीट बाई कुठे गेली?

१९ जुलै
सांगितलं. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. डोळे ठणठणीत! उड्डाण पक्कं!

आईला फोन केला.  ऐकून ती म्हणाली — "ते डोले मीच वाकरे केले गो. पहाटचे उठून. तुला वाटावा, आता नाय जमाचा."

जिनं उभ्या जन्मात देवाचा डोळा बिघडवला नाही, तिनं!

रागवायला तोंड उघडलं आणि विचारलं, "तू जेवलीस का?" इतके दिवस न जाण्याची भीती होती. आज पहिल्यांदा जाण्याची वाटली.